यादीतून गेलेली होडी

प्रिय सिसेल,

तुझा गुडघा आता कसा आहे? मॅसचा खोकला थांबला का? आस्टाचे पुढचे दात आले असतील. तिला म्हणावं, राय धान्याचा कडक पाव जरा जपून चाव. मी ठणठणीत आहे. शेजारचा आयनर माझ्याहून ठणठणीत, रोज येऊन कॉफी संपवतो.

तुझा निरोप कितीदा वाचला: "बाबा, आईची होडी विकलीत? मला एका शब्दाने विचारलंसुद्धा नाहीत?" त्यानंतर तीन रविवार गेले, तुझा फोन नाही आणि माझा तू उचलत नाहीस. पोरी, होडी विकलेली नाही. घोळ माझ्या हातून झालाय.

नौका-मंडळाची यादी वेबपानावर मी सांभाळतो. सत्तरीनंतर ग्रंथालयातल्या पुस्तकावरून जावास्क्रिप्ट शिकलो. त्यात प्रत्येक होडीचा एक ऑब्जेक्ट करायचा: महिरपी कंस, आत नाव, मालक, धक्क्यावरची जागा. जन्मभर जाळी विणली, म्हणून हे काम मला मानवतं. आयनरने होडी घेतली, तीही तुझ्या आईच्या 'स्वाले'सारखीच लाकडी. म्हटलं, सगळं पुन्हा कशाला लिहा? 'नवी होडी = स्वाले' अशी एक ओळ लिहिली आणि त्यात आयनरची माहिती भरली. मला वाटलं, नक्कल झाली. कसली नक्कल! होडी एकच राहिली, तिला दोर तेवढे दोन झाले; नव्या नावाखाली भरलं ते स्वालेच्याच माहितीवर चढलं. यादीत आयनरची होडी दोनदा आणि स्वाले गायब. आलबोर्गला बसून तू तेच पाहिलंस. आयनर म्हणतो, "म्हाताऱ्या, दोन होड्या दिल्यास, आता वल्ही मारायला आणखी दोन हातही दे!"

परवा नवे कंस उघडून त्याची होडी वेगळी लिहिली. मग स्वाले पुन्हा लिहायला घेतली. नाव झालं, जागा झाली, 'मालक'पाशी बोटं अडली. तुझी आई, इंगर, जाऊन दोन वर्षं झाली, तरी तिथलं तिचं नाव मी हलवलं नव्हतं. आता माझ्याच चुकीने ते पुसलं गेलं. एप्रिलात होड्यांचा हंगाम उघडताना मंडळाचा झेंडा चढवतात त्या सकाळी मालकाने आपल्या होडीपाशी उभं राहायचं, नाहीतर धक्क्यावरची जागा रांगेतल्या पुढच्याला मिळते, हे तुला माहीत आहे. दोन वर्षं मंडळींनी डोळेझाक केली, यंदा करणार नाहीत. माझं नाव लिहवत नाही गं; पाण्याला भिणाऱ्या मला होडीत बसवलं ते तिनेच. तिथे तुझं नाव लिहू का? त्या सकाळी येशील का? फोन नको असेल तर दोन ओळी लिही, पण लवकर. तोवर ती जागा कोरी ठेवतो.

तुझाच,
बाबा