टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

प्रिय आक्का,

उद्या खंडेनवमी. सकाळपासून शेंदराची वाटी घेऊन लॉरीपाशी बसलोय, आणि शेंदरात तेल किती घालायचं तेच आठवेना. हे काम कायम तुझं, मी आपला नारळ फोडणारा. शेवटी वाटी बाजूला ठेवली आणि कागद घेतला. तू वाचणार कशी, असं विचारू नकोस. जिवंतपणी तरी कुठं वाचता येत होतं तुला? मी पत्र वाचून दाखवायचो आणि तू मधेच म्हणायचीस, "पुढलं कळलं मला."

पुढलं तुला खरंच कळलंय का? घरात पेच पडलाय. तू श्रावणात गेलीस, म्हणून वर्ष सरेपर्यंत सण नाही, असं तुझी भावजय म्हणते, आणि तिचं खरं आहे. शेटजी म्हणतात, लॉरी जिनिंग कारखान्याची, तिची पूजा चुकवायची नाही. मला म्हणाले, "तुला चालत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ." दुसऱ्या कुणाकडून! ते ऐकल्यापासून माझा जीव टाकीच्या झाकणात अडकलाय. का, ते तुला सांगायला नको.

ही डिझेलची लॉरी आली ते वर्ष आठव. आधीची पेट्रोलची होती. तिच्या बॉनेटवर तू शेंदूर लावायचीस आणि पहिल्याच फेरीत तो उष्णतेनं ओघळून दिव्यांवर यायचा. नव्या लॉरीभोवती तू एक प्रदक्षिणा घातलीस आणि मला विचारलंस, "किस्ना, ही खाती कुठून?" मी टाकीचं झाकण दाखवलं. "मग तितंच हिचा देव," म्हणालीस, आणि करडईच्या तेलात कालवलेला शेंदूर झाकणावर थापलास. शनिवारी मारुतीला लावायचीस तसा, हात न आखडता. करडईचं तेल कसं वाळतं, ते तुला माहीत होतंच. दोन दिवसांत त्याचं कवच झालं.

दसरा झाला, कापूस यायला लागला. गाठी घाटनांदूरच्या स्टेशनात पोचवायच्या. पहिल्याच फेरीला गाडी थोडं अंतर बरी चालली, मग चढाला दम लागल्यासारखी झाली आणि बंद पडली. जरा थांबलं की सुरू, पुढं गेलं की परत बंद. सकाळी तर कहरच. इंजिन गरगर फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. पंपाचा दांडा हातानं मारून नळीतली हवा काढावी, तेव्हा कुठं खोकत उठायची.

मी आणि हनीफ फिटर तिच्या मागं लागलो. गाळणी धुतली. तेलात पाणी उतरलं का ते पाहिलं. नळ्यांचे सांधे आवळले. कुठंच काही सापडेना. हनीफ डोक्याचं फडकं काढून म्हणाला, "पेट भरा हाय, गला खुला हाय, फिर मरती कायकू?" एवढं खरं, की तेल भरून निघालो की थोडा वेळ ती गुणी लेकरासारखी चालायची. पण त्यातून काय समजायचं ते आम्हा दोघांनाही समजलं नाही.

तुला मात्र सगळं समजलं होतं. दिष्ट लागली होती! संध्याकाळी गाडी परत आली की तू वाटी घेऊन हजर. झाकणावरचा जुना थर भेगाळला असेल तिथं नवा थर. गाडी जास्त बंद पडायला लागली, तसा तू शेंदूर वाढवत गेलीस. आणि तू शेंदूर वाढवलास, तशी गाडी जास्त बंद पडायला लागली. हनीफ एकदा म्हणालासुद्धा, "आपा, मारुतीला बी थोडा ठिवा की." तू त्याला वाटीतला हात दाखवून पळवलंस. देवाचं काम आहे, असू दे, असंच मलाही वाटायचं.

मग शेटजींनी बोलावून घेतलं. रेल्वेचा डबा आपल्यासाठी थांबत नाही, येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत गाडी नीट चालली नाही तर हैदराबादहून दुसरा ड्रायव्हर आणतो, म्हणाले. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. त्या दिवशी ताटातली भाकर तशीच राहिली. तू ती उचलून ठेवलीस आणि म्हणालीस, "बाजारादिशी मी संगं येती. बगू माझ्यादेखत कशी थांबती."

आलीस की! शेजारच्या जागेवर पोतं अंथरून बसलीस. मांडीवर वाकळ, हातात दाभण. अंबाजोगाई मागं पडली, आणि पहिल्याच मोठ्या चढाला गाडीनं मान टाकली. तू खाली उतरलीस आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्या पत्र्यावरून हात फिरवलास.

तेल किती उरलंय ते बघावं म्हणून मी झाकण फिरवलं. तेवढ्यात आतून आवाज आला, सूंऽऽ! विहिरीत बुडी मारलेला माणूस वर येऊन दम घेतो तसा. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. पण तू म्हणालीस, "किस्ना, हिनं श्वास घेतला."

झाकण लावलं, दांडा मारला, गाडी सुरू झाली. थोडी चालून पुन्हा बंद पडली. पुन्हा झाकण फिरवलं, पुन्हा तोच आवाज. तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या झाकणाला सुईच्या नेढ्याएवढं छिद्र असतं. तेल इंजिनाकडं जातं तसा टाकीत वारा यायला हवा. वारा आला नाही की तेल पुढं सरकत नाही. आणि ते छिद्र शेंदराच्या थराखाली कधीचं गाडलं गेलं होतं.

आता तुला सांगायचं कसं? मी रस्त्याकडं बघत म्हणालो, छिद्र बुजलंय, धूळ बसली असेल. तू झाकणाकडं बघितलंस. मग स्वतःच्या बोटांकडं. नखांत शेंदूर होता.

"धूळ न्हाई," म्हणालीस. "मीच हिचं नाक दाबून धरलंय, आन् वर म्हंती चाल."

आणि हसायला लागलीस ती रस्त्याकडेच्या दगडावर बसेपर्यंत. मलाही मग आवरेना. हसू ओसरल्यावर त्याच दाभणानं तू छिद्र मोकळं केलंस. वाकळ शिवताना मान तिरपी करायचीस, तशीच तिरपी करून. लॉरी घाटनांदूरला पोचली ती वाटेत कुठंही न थांबता. हैदराबादच्या ड्रायव्हरचं नाव शेटजींनी पुन्हा काढलं नाही. तेव्हापासून दर खंडेनवमीला तू शेंदराचं कडं काढायचीस, मधलं नाक सोडून. दाभण अजून लॉरीत, माझ्या डोक्यावरच्या छताच्या कापडात खोचलेलं आहे.

देवापुढं बसलो की मला कधीकधी तेच झाकण आठवतं. लावतो ते आपण मायेनंच. पण कुठं थोडी जागा सोडायची, ते एकदा गाडी बंद पडल्याशिवाय कळत नाही.

एक मात्र बोलणार आहे. गाडी जरा खोकली तरी गल्ली गोळा करायचीस तू. आणि स्वतः? न खोकता, न सांगता, पहाटे अंथरुणातच थांबलीस. आम्हाला झाकण फिरवून बघायलाही वेळ दिला नाहीस. हे बरं केलंस का?

असो. एवढं लिहून मी घरी गेलो आणि तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "घरात सण करायचा न्हाई. गाडी काय घरात हाय? तुमीच लावा. दुसऱ्याला त्या नाकाचं काय ठावं?" आणि उठून करडईच्या तेलाची बाटली तिनंच माझ्यासमोर ठेवली.

तेव्हा आक्का, उद्याची पूजा माझ्या हातची. शब्द देतो: शेंदूर तुझ्यासारखाच जाड लावीन, पण आधी दाभण घालून बघीन आणि नाक मोकळं सोडीन. मग पहिली फेरी घाटनांदूरची. शेजारच्या जागेवर तुझं पोतं अंथरलंय. त्या चढाला मी झाकण एकदा फिरवणार आहे, गरज नसली तरी. कोंडलेल्या श्वासाचा तो आवाज आला नाही, की समजेन तू बरी आहेस.

शेंदराचे हात पुसून,
तुझा किस्ना