नाकाशी धरलेलं ताट

रविवार, संध्याकाळ, लॉजवर

किळस आली आज. मासळीची नाही, आमचीच. उदगीरहून समुद्र बघायला आलो. दुपारी एका बाईंच्या घरगुती खानावळीत शाकाहारी जेवण सांगितलेलं. ह्यांनी ताट नाकाशी धरलं. "यात मासळी तर वाढत न्हाई ना?"

 बाईंनी सगळी ताटं आमच्यासमोर पुन्हा घासून आणली. तरी ह्यांनी पिशवीतल्या दशम्याच काढून खाल्ल्या. बाईंनी केलेला भात तसाच राहिला. अन् घरी ह्यांना दर रविवारी मटण लागतं.

नंतर इथला किल्ला बघितला म्हणे मी. काय बघितलं? ते नाकाशी धरलेलं ताटच दिसत होतं. लई राग आला ह्यांचा.

पण पाणी पिताना मीही तांब्या नाकाशी धरून वास घेतला होता. बाई बघत होत्या.