राहिलेले तीन आकडे

३ जानेवारी १९७२, सोमवार
पाथर्डीहून एस.टी.ने नगरला पोचलो. फिलिपमामांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आजपासून कामाला. शाळा आठवीपर्यंतच, पण तारा जोडायला कथलाचा डाख नीट देता येतो. मामा गिऱ्हाइकाला म्हणाले, ऊस तोडायचं सोडून पोरगं आमच्या तारा तोडाया आलंय. मागच्याच भिंतीला त्यांचं घर. त्यांच्या पत्नी मरियामावशींनी आपल्या तान्ह्याला मांडीवर घेऊन मला भाकरी वाढली. जागा फार आवडली.

४ जानेवारी
पासष्टच्या युद्धात पडलेल्या विमानाचा रेडिओ मामांनी भंगाराच्या लिलावातून आणला आहे. सोबत काट्याची तबकडी. जिथून कोणी बोलतं तिकडे काटा वळतो, आणि वैमानिक काट्यामागे घरी येतो. दुकानाचा नियम असा: दुरुस्त झालेल्या संचात आपलं नाव सांगायचं, एक ते दहा मोजायचे, शेवटी 'बंद' म्हणायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला बोलणं संपल्याचं कळतं. या संचात मी सातपर्यंत आलो, तेवढ्यात मावशींनी चहाला बोलावलं. उठलो. चूक झाली, म्हणून नोंदवतो.

६ जानेवारी
काटा माझ्याकडे वळतो. खिडकीशी गेलो, तो खिडकीकडे. बॅटरी काढलेली आहे. पुन्हा पाहिलं. काढलेलीच आहे. हेडफोन लावला. दमलेला आवाज म्हणाला, गोरक्ष, सात ऐकलं. पुढे बोल, मी येतोय.

८ जानेवारी
मामांनाही ऐकवलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, लिलावात ऐकलंय, त्यो वैमानिक घावलाच न्हवता. लेकरा, तू आजच गावाकडं जा. मी नाही म्हणालो. काटा माझ्यामागे वळणार, काट्यामागे तो येणार, आणि गावी आई आहे. मोजणी अर्धी मी ठेवली, पुरी मीच करणार.

९ जानेवारी, दुपार
आठ म्हणालो. कौलं थडथडली. वर विमानाची घरघर, आभाळ रिकामं. मावशी तान्ह्याला घेऊन अंगणात धावल्या. थांबलो. या घरावर नाही—

१० जानेवारी
संच सायकलवर बांधून माळावर आणला. आसपास एकही घर नाही. मामा आडवे आले, ऐकलं नाही. बोलतो तसं लिहितो.
घरघर वाढली. अक्षर नीट ठेवतोय.
कोणाच्या छपरावर तुला उतरू देणार नाही. मी गोरक्ष. इथे, उघड्यावर उभा आहे.
नऊ.
सावली— वर काहीच नाही, सावली मात्र— वहीवर आली—
पळणार नाही. दहा.
आता ब—