दगड धरणाऱ्या बाईंसाठी

मी, खाली सही करणारा, धंद्याने न्हावी, वय सत्तरीच्या पुढे, माझ्या पश्चात चीजवस्तूंचे काय व्हावे ते कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. ऐकू कमी येते, डोके शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दुकान, वरची खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या पुतणीला मिळावी. आज दुकान तीच चालवते. तिच्या भावाने हरकत घेऊ नये. ‘बायकांनी कधी दाढ्या करायच्या असतात का?’ असे तो चारचौघांत म्हणाला होता. त्याला माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ते मागे पडते.

२. माझे जुने वस्तरेही पुतणीनेच ठेवावेत. समोर दगड धरणारे माणूस मिळाले तरच वापरावेत.

३. धारेचा दगड. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

दगड डाव्या हातात पेलायचा, बोटे कडेच्या खाली ठेवायची आणि उजव्या हाताने पाते फिरवायचे, असे मला वडिलांनी शिकवले. चाळिशीत माझा डावा हात शटरखाली सापडला. गिऱ्हाइकाचा गाल ताणण्याएवढा तो बरा झाला, पण मूठ वळेना. मग दगड टेबलावर ठेवला, खाली ओले फडके घातले, लाकडी खाचेत बसवून पाहिला. दगड हलत नसे, तरी पाते टोकाला बोथट राही. जुनी पाती किंचित वाकलेली असतात, दगडाला त्यांच्या कलाने घ्यावे लागते. टेबल कसले कलाने घेते! गिऱ्हाइके डोळे मिटून सोसत आणि पुढच्या खेपेला समोरच्या दुकानात दिसत.

शेजारच्या गाळ्यात एक विधवा बाई शिवणकाम करीत. सुट्टीच्या दिवशी माझी झटापट त्यांनी पाहिली.

‘टेबलाशी कसले भांडताय? द्या इकडे, मी धरते.’

‘बोटं कापतील.’

‘रोज सुईखाली असतात ती.’

त्यांनी दगड तळहातावर घेतला, कोपर अंगाशी धरले. हात मांडीवर टेकवला नाही. टेकवला की दगडाचे पुन्हा टेबल होते, हे त्यांना न सांगताच उमगले. माझ्या जोरासरशी त्यांचा तळवा किंचित खाली जाई, वर येई. ‘हळू, हाताला लागतंय,’ त्या म्हणत आणि मी हलका होई. पुढे कित्येक वर्षे आमच्या सुट्टीच्या सकाळी अशाच गेल्या. मध्ये पाण्याचे भांडे आणि तो दगड. माझा हात त्यांच्या हाताला कधी लागला नाही. समोरच्या न्हाव्याने काय काय पसरवले ते त्याला लखलाभ. त्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही.

एका सकाळी पाते पुसता पुसता मी विचारले, ‘दोन गाळ्यांमधली भिंत पाडली तर?’

मला काय विचारायचे होते ते त्यांना बरोबर कळले. त्या दगड तसाच धरून बसल्या.

‘मुलीचं बाळंतपणात एक अंग लुळं पडलंय,’ त्या म्हणाल्या. ‘तान्ह्याला बघायला कुणी नाही. मी निघणारच होते. तुम्हाला कसं सांगू, हेच सुचत नव्हतं.’

‘परत याल?’

‘ते मूल मोठं व्हायचंय हो.’

त्या आठवड्यात टेम्पोत त्यांचे मशीन चढवायला मीच एका हाताने टेकू दिला. त्यानंतर मी तयार ब्लेडवर दाढ्या केल्या. वर्षातून एकदा त्यांचा फोन येतो. गुडघे, नातू, उन्हाळा असे बोलणे होते. शेवटी त्या विचारतात, ‘दगड कोण धरतं आता?’ मी म्हणतो, ‘कुणी नाही.’ सुट्टीच्या सकाळी मी अजून भांड्यात पाणी भरतो आणि तसेच ओतून देतो.

तर हा दगड त्या बाईंना मिळावा. टपालाने पाठवू नये, पुतणीने स्वतः नेऊन द्यावा. देण्याआधी पाण्यात भिजवावा. त्यांनी तो कोरडा कधी धरलेला नाही.

एवढे लिहून होते तोच पुतणी चहा घेऊन वर आली. वाचून म्हणाली, ‘नेईन. पण काका, मी त्यांना हाक काय मारू?’

मी पेन खाली ठेवले.

‘काकू म्हण.’

‘काकू काय, कुणालाही म्हणतात.’

‘तू म्हण. त्यांना कळेल.’

हे सर्व मी पुन्हा वाचले, एक शब्दही खोडला नाही आणि दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: २ फेब्रुवारी

(सही) लिहून ठेवणार, न्हावी

साक्षीदार:
(सही) चौकातले औषधवाले
(सही) पलीकडचे इस्त्रीवाले