एका मुलामागे एकच नंबर

शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

डोक्याची वाट लागली आज. दुसरी ब मध्ये मुलं चौतीस आणि पालकांच्या ग्रुपवर नंबर एकाहत्तर! आई, बाबा, काका, मावशी... सिद्धेशचे तर गावचे आजोबासुद्धा. रोज साडेबाराला मी 'आज वर्गात' पाठवते – एक फोटो आणि दोन ओळी, काय शिकलो, काय गंमत झाली. शाळेनं सांगितलेलं नाही, माझीच हौस. आज सिद्धेशच्या मावशीनं विचारलं, आमचा मुलगा नेहमी मागच्या रांगेत का? त्यावर प्रांजलची आई काहीतरी बोलली. मग आजोबा उतरले. उत्तरं देता देता माझा डबा गार झाला.

फोटोत नॅटली परत वेणी पुढे घेऊन मुठीत धरून बसलेली. दहादा सांगितलं, वेणी सोड, हाताची घडी घाल. एक दिवस ऐकते, दुसऱ्या दिवशी परत तेच.

सोमवार, ४ ऑगस्ट

करून टाकलं. एका मुलामागे एकच नंबर. हजेरीपटावर जो पहिला लिहिलाय तो ठेवला, बाकीचे सदतीस काढले. ग्रुप एकदम शांत. झकास.

मंगळवार, ५ ऑगस्ट

काढलेल्यांपैकी बारा जणांनी 'का' म्हणून विचारलं. एकच उत्तर तयार केलं आणि सगळ्यांना चिकटवलं – 'नियम सर्वांना सारखा आहे. कृपया घरातल्या दुसऱ्या पालकांकडून माहिती घ्यावी.' सिद्धेशची मावशी भांडली. नॅटलीच्या आईनं, वेन्डीनं, तेवढं नीट लिहिलं – 'ओके टीचर, थँक्यू.' असे समजूतदार पालक हवेत.

गुरुवार, १८ सप्टेंबर

वजाबाकी अजून अर्ध्या वर्गाला येत नाही. हातचा घेताना सगळे गडबडतात.

नॅटली वही दाखवायला आली आणि तिथेच घुटमळली. "टीचर, तुम्ही फोटो अजून पाठवता ना?" म्हटलं, रोज पाठवते. "सगळ्यांच्या आईला?" पुढ्यात वह्यांचा ढीग होता. म्हटलं, हो गं, सगळ्यांच्या आईला, जा, जागेवर बस.

गेली, बसली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

परीक्षा सुरू. नॅटली हल्ली फोटोत न सांगता हाताची घडी घालते. चला, माझं बोलणं कुणाच्या तरी कानात शिरलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज निकाल द्यायचा दिवस होता. दहा वाजता नॅटलीचे वडील ॲलन निकालपत्रक घेऊन गेले. साडेअकराला वेन्डी आली. मी सहज म्हटलं, अहो, मिस्टर घेऊन गेले की. ती म्हणाली, "माहीत आहे, टीचर. आम्ही एकत्र नाय राहत."

मार्चपासून वेगळे आहेत! नॅटली शाळेसाठी वडिलांकडे, इथे दहिसरला. वेन्डी माहेरी मनोरीला, एका बंगल्यात पाहुण्यांचं जेवण करते. भेट फक्त रविवारी, चर्चमधला मिस्सा झाला की. आज सुट्टी टाकून, बोटीनं खाडी ओलांडून, दोन बस बदलून आली होती. मार्कांसाठी नव्हे.

"तीन रविवार झाले नॅटली येत नाय. पोटात दुखतं सांगते. वर्गात काय झालं काय, टीचर?"

मी म्हटलं, नाही हो, उलट शहाणी झाली आहे, फोटोत नीट बसते, वेणीला हात लावत नाही.

मग तिनं सांगितलं. ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, पुढे मला सोयीचं आठवायला नको.

"ती वेणी माझ्यासाठी होती, टीचर. तिच्या मनात येईल त्या दिवशी ती धरायची. मी साडेबाराला गॅस बारीक करून फोटो बघायची. रविवारी तिला सांगायचं, सोमवारी धरलीस, मंगळवारी नाय, बुधवारी धरलीस. सगळं बरोबर आलं की गळ्यात पडायची. बोलायची, बघतेस ना गं मम्मा तू. माझा नंबर निघाला, तवापासून मी अंदाजानं सांगत होती. दोन रविवार बरोबर आलं. मग चुकत गेलं."

मी विचारलं, तिला खरं का नाही सांगितलंत, नंबर काढला म्हणून?

"सांगितलं ना. ती बोलली, मम्मा तू खोटं बोलतेस. टीचर बोलल्या, सगळ्यांच्या आईला जातो."

मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र मलाच समजावत होती – तुम्हाला काय माहीत, टीचर, तुमचा पण नियम होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी ॲलनना फोन केला. वाटलं होतं, वेन्डीला फोटो पाठवायला त्यांचीच आडकाठी असेल. तर ते म्हणाले, "मला काय प्रॉब्लेम असणार? तिनं मागितला असता तर रोज पाठवला असता. ती बोलली नाय, मी विचारलं नाय." नॅटली आजही मनोरीला गेली नाही.

दिवसभर जूनपासूनचे फोटो बघत बसले. सोमवारी वेणी मुठीत, मंगळवारी नाही, बुधवारी आहे... आणि ज्या दिवशी नाही, त्यातल्या कितीतरी दिवशी मीच ओरडून सोडायला लावली होती. म्हणजे नंबर होता तेव्हासुद्धा मी मध्ये लुडबुड करतच होते. लाज वाटते.

'घरातल्या दुसऱ्या पालकांकडून' असं मी त्या बाईला लिहिलं. चौतीस घरांना रोज वर्गाची खबर देते म्हणून मिरवत होते. एका घराला साधं विचारलं नाही, तुमच्याकडे कसं आहे. कुणाचा कितवा दात पडला ते मला माहीत होतं, आणि हे नाही. फार वाईट केलं मी. चुकून केलं, पण केलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी पहिलं काम – वेन्डीचा नंबर परत ग्रुपवर घेतला. ज्यांना ओरडायचं त्यांनी ओरडावं.

नॅटली आज आलीच नाही. उद्या आली की आधी तिची माफी मागायची. सांगायचं, आई खरं बोलत होती, खोटं मी बोलले. मग फोटोला पहिल्या रांगेत मधोमध बसवायचं आणि म्हणायचं, धर गं वेणी, आई बघते आहे. वेन्डीला तसं कळवलंसुद्धा. तिनं लगेच लिहिलं – 'उद्या साडेबाराला बघते.'

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नॅटली आली. केस कानापर्यंत कापलेले. विचारलं, पप्पांनी कापायला नेलं? म्हणाली, "हो. मीच सांगितलं."

माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. तिचा हात मानेमागे गेला आणि रिकामाच खाली आला.

फोटो काढला आहे. पाठवलेला नाही. पाऊण वाजता वेन्डीचा मेसेज आला – 'टीचर, आजचा फोटो?'