देवासमोर धरलेले कान

रविवार, संध्याकाळ

मुलीने कोरमंगल्याच्या नाट्यगृहात परदेशी संगीत नाटक दाखवलं. त्यातला खलनायक बायकांना फसवत जातो. शेवटी एका मुलीचा म्हातारा बाप बंदूक रोखून म्हणतो, "एकदा माफी माग, सोडतो." तो हसून 'नाही' गातो आणि मरतो.

परतताना मुलगी म्हणाली, "अप्पा, किती मोकळा माणूस ना?"

"स्वल्प जास्तच," मी म्हणालो.

पण त्याचं ते 'नाही' मनातून जात नाही. तरुणपणी सुमनशी झालेला साखरपुडा मी मोडला, तेव्हापासून रोज देवासमोर कान धरतो. ती इथेच, याच शहरातल्या पीण्या भागात राहते. तिच्यासमोर एकदाही गेलो नाही. मग मी माफी मागतो ती कुणाची? त्या खलनायकाने निदान खोटी तरी मागितली नाही.

आत्ता दिवा लावला. हात कानांपर्यंत गेले आणि तसेच खाली आले.