सावलीत वाळवायची पानं

सोमवार, ३ फेब्रुवारी
नोकरीचा पहिलाच दिवस आणि करायला नको ते करून बसलो. पण मजा आली राव. पनवेलच्या एका कॉलेजात लॅबमध्ये मदतनीस लागलोय. बारावीला केमिस्ट्रीत दोनदा उडालो, ते कोणी विचारलंच नाही. चारुता मॅडम पीएचडीसाठी आपटा गावाच्या नदीकाठच्या एका झाडाची पानं आणतात. सावलीत वाळवायची, दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवायची, शेवटी उरतो हिरवा चिकट अर्क. त्यात फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं आहेत का बघायला मॅडमनी कॉस्टिक सोडा टाकला. पिवळाधमक! ॲसिड टाकलं, रंग गायब.

डोक्यात किडा वळवळलाच. आमचे सीनियर कुंदनदादा, ओवे गावचे, मनगटाला लाल दोरा, दिवसभर तंबाखू मळतात. गुपचूप थोडा अर्क त्यांच्या पुडीत मिसळला. चुना लावून मळली तसा तळहात पिवळाजर्द. मी विचारलं, दादा, हळद कधी लागली, वैनीला माहीत आहे का? ते म्हणाले, चुनाच भेसळीचा हाय. आणि तंबाखू टाकली तोंडात. नंतर लिंबू चोळल्यावर हात साफ.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
मॅडम जाम खूश. डिशमध्ये जंतू वाढवले होते, अर्काचा थेंब पडला तिथले सगळे खलास. असा रिझल्ट कुठल्याच पानानं दिला नाही म्हणे.

दादांचा हात मात्र परत पिवळा. चुना न लावता. लिंबानं जात नाही. डबा तसाच परत नेला, भूक नाय म्हणाले. पाणी पितात, बाटल्यावर बाटल्या. सांगून टाकणार होतो. नाही सांगितलं. नोकरी जाईल.

सोमवार, १० फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत दादा गच्चीवर उभे असतात. चपला काढून, डोळे मिटून. ऊन सरकलं तसे तेही हळूहळू वळले. हाक मारली तर म्हणाले, बरं वाटतं रं, तू पन ये.

तळहातावरच्या रेषा गेल्यात. मधोमध एकच शीर. तिला दोन्हीकडे फाटे.

बुधवार, १२ फेब्रुवारी
नदीकाठचं ते झाड रस्त्यासाठी तोडलं. पानं संपली. मॅडम रडकुंडीला आल्यात, अजून पानं मिळाली नाहीत तर तीन वर्षं पाण्यात म्हणाल्या.

दादांचे हात साबणानं धुऊन दिले. माझी बोटं — फेस लागला तिथे पिवळी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
दादा घरी पोचले नाहीत. वैनीचा फोन येऊन गेला. गच्चीवर नुसत्या चपला.

वाळवायच्या खोलीत ट्रे भरलेत. ताजी पानं. मॅडम म्हणाल्या, गच्चीवर सापडली, नशीबच. रुंद पानं, पाच बोटांची — एका देठाला लाल दोरा —

शनिवार
भूक नाही. गच्चीवरचं ऊन बरं वाटतं. हातावर रेषा —

मॅडम जिन्यात आल्यात. विचारतायत, अजून पानं आहेत का रे वर. हात खिशात घातलेत. हे वाचणाऱ्या, पाया पडतो, कोणाला सांगू नको मी इथे आहे. मॅडमना तर नकोच. त्या सावलीत —